परदेशी नोकरी, व्हिसा आणि आपले सुशिक्षित तरुण

परदेशी नोकरी हा विषय आपल्या संस्थेच्या सभासदांना नवा नाही. नवी मुंबई वसत होती त्या काळापासून वेल्डर, फिटर, वायरमन, ड्रायव्हर अशी मंडळी मस्कत, दुबई, कुवेत येथे जात आली आहेत. कुणाचे तिकडच्या कमाईवर घर झाले, कुणाच्या बहिणीचे लग्न झाले. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतचा घास घेतला, तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना जॉर्डनमधील अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. त्यांतील फार मोठा भाग मुंबईच्या विमानतळावर उतरला. अंगावरच्या कपड्यांनिशी परतलेली ती माणसे पाहिलेले लोक आजही आपल्यात आहेत. तेव्हा परदेशात धोका असतो, हे आपणांस कुणी सांगायला नको.

परंतु गेल्या काही वर्षांत या विषयाचे रूप पालटले आहे. पूर्वी जाणारा कारागीर असे, आता पदवीधर जातो आहे. पूर्वी एजंट भिवंडी-डोंगरीकडच्या माडीवर बसे, आता तो मोबाईलच्या पडद्यावर असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूर्वीच्या कारागिराच्या पाठीशी एक कायदा उभा होता. आजच्या पदवीधराच्या बाबतीत तो कायदा बाजूला उभा राहतो. हे कसे घडते ते नीट समजावे, यासाठी हा लेख आहे. विद्यार्थी मित्रांनी तो थोडा सावकाश वाचावा, कारण यातील कागदपत्रांची नावे कंटाळवाणी असली तरी फसवणूक त्या नावांच्या आडूनच होते.

प्रथम पासपोर्ट आणि व्हिसा यांतील फरक. पासपोर्ट आपले सरकार देते. तो तुम्ही कोण आहात हे सांगतो. व्हिसा समोरच्या देशाचे सरकार देते. तो तुम्ही कशासाठी आला आहात हे सांगतो. आम्ही बँकेत नोकरी करीत असल्याने आम्हांस बँकेचाच दाखला सुचतो. बचत खाते व चालू खाते ही दोन्ही खातीच, पासबुकावर नाव तुमचेच. पण बचत खात्यावर कुणी दुकानाची उलाढाल चालवू लागला की बँक त्याला बोलावून घेते. व्हिसाचेही तसेच आहे. सहलीचा व्हिसा म्हणजे मंदिरे, बाजार, समुद्रकिनारा पाहा आणि मुदतीत परत जा. त्यावर पगाराची नोकरी केली की तो त्या देशाचा गुन्हा ठरतो, मग तुम्हांला कुणी फसवून नेले असो वा तुम्ही आपखुशीने गेला असा.

येथे ‘व्हिसा लागत नाही’ या वाक्याचा उलगडा करणे भाग आहे, कारण सध्याच्या फसवणुकीतील सर्वांत गोड वाक्य तेच आहे. थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला. जुलै २०२४ मध्ये ही मुदत साठ दिवस केली गेली. अशा मुदती त्या त्या देशाचे सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्याआधी वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. पण मुदत कितीही असो, माफी आहे ती पर्यटकाला व लहानशा कामकाजासाठी येणाऱ्याला. थायलंडमध्ये नोकरी करायची तर वेगळ्या वर्गाचा व्हिसा लागतो आणि त्याशिवाय कामाचा परवाना म्हणजे वर्क परमिट लागते. एजंट सांगतो, ‘तिकडे व्हिसा लागतच नाही, उतरल्यावर कंपनी सगळे करून देईल.’ त्यातील पहिला अर्धा भाग खरा असतो आणि त्याच्या आधाराने दुसरा अर्धा भाग खपतो.

इराणचे उदाहरण याच जातीचे आहे. इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला होता. नोकरीच्या नावाने, किंवा तेथून पुढे तिसऱ्या देशात पोहोचवतो असे सांगून, एजंटांनी तरुणांना त्या सवलतीवर नेले. तेथे काहींचे खंडणीसाठी अपहरण झाले. शेवटी २२ नोव्हेंबर २०२५ पासून इराणने ही सवलत स्थगित केली आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याबाबत जाहीर सूचना दिली. सवलत होती पर्यटकांसाठी, वापरली ठगांनी आणि गेली सर्वांची.

आता मूळ कायद्याकडे येऊ. १९८३ साली भारताने उत्प्रवास कायदा केला, त्याआधी १९२२ चा इंग्रजांच्या काळातील कायदा होता. आखातात जाणाऱ्या अल्पशिक्षित मजुरांची लूट थांबावी, हा १९८३ च्या कायद्यामागचा मुख्य हेतू. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला सरकारचे लायसन हवे. दोन, ज्याच्या पासपोर्टवर ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा शेरा आहे, ज्याला आपण सगळे ‘ईसीआर’ म्हणतो, त्याने ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी. मुंबईचे हे कार्यालय बांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. अर्ज आता ई-मायग्रेट या सरकारी संगणक प्रणालीवरून होतो.

मंजुरी देताना काय पाहतात? नोकरीचा व्हिसा पाहतात. करारनामा पाहतात, त्यात पगार किती, तास किती, राहण्याची सोय कुणाची, परतीचे तिकीट कुणाचे हे लिहिलेले लागते. मालक किंवा एजंट प्रणालीत नोंदलेला आहे का ते पाहतात. आणि ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ या विम्याची पावती पाहतात. हा विमा २००३ साली सुरू झाला. २०१७ च्या सुधारणेप्रमाणे अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते आणि दोन वर्षांसाठी मूळ हप्ता दोनशे पंच्याहत्तर रुपये आहे. वाशीच्या हॉटेलात चार माणसे जेवली तर याहून जास्त बिल होते. तरीही या विम्याचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते.

ज्या देशांसाठी ही तपासणी आहे, ते अठरा आहेत : सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, इराक, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, येमेन, लिबिया, सुदान, दक्षिण सुदान, अफगाणिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड. वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा पाहावी. थायलंड तिच्यात आहे. म्यानमार, कंबोडिया आणि लाओस हे तीन देश तिच्यात नाहीत. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आणि आता मुख्य मुद्दा. जो दहावी पास झाला, त्याला ही तपासणी लागत नाही. त्याचा पासपोर्ट ‘ईसीएनआर’, म्हणजे तपासणी नको या वर्गात जातो. पूर्वी तसा शिक्का मारीत, आता शिक्का नसणे हेच त्याचे चिन्ह. आपल्या घरांत या गोष्टीचे केवढे कौतुक असे, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच कळेल. बापाच्या पासपोर्टवर ईसीआर, मुलाच्या पासपोर्टवर काही नाही, म्हणजे मुलगा शिकला. सरकारने त्याला शहाणा मानले, तो आपला करार स्वतः वाचू शकतो असे धरले. १९८३ साली हे धरणे अगदी रास्त होते, कारण तेव्हा फसवणारे अंगठेबहाद्दर शोधीत असत.

आज मात्र फसवणाऱ्यांना इंग्रजी बोलणारा, संगणकावर भराभर टाइप करणारा, कॉल सेंटरचा अनुभव असलेला तरुणच हवा आहे. कारण त्यांचा धंदाच फोन आणि संगणक यांवर चालतो. ऐरोली, महापे, घणसोली येथील कंपन्यांत रात्रपाळी केलेली आपली मुले नेमकी त्यांच्या मापाची आहेत. जो कायदा अडाणी बापाला विमानतळावर थांबवून ‘करार दाखव’ म्हणत होता, तो पदवीधर मुलाला काहीच विचारीत नाही. पहारा जुन्या दारावर आहे आणि चोर नव्या दाराने येतो आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सरकारच्या लक्षात आले नव्हते असेही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये एक परिपत्रक निघाले होते. त्यानुसार ईसीएनआर पासपोर्टवाल्यांनीही त्या अठरा देशांत नोकरीला जाण्यापूर्वी, १ जानेवारी २०१९ पासून, संगणकावर नोंदणी करायची होती. त्यावर ओरड झाली, शिकलेल्या माणसांना हा कशाला जाच, असे म्हटले गेले आणि ते परिपत्रक स्थगित झाले. नर्सच्या बाबतीत मात्र २०१५ पासून ईसीएनआर पासपोर्ट असला तरी त्या देशांसाठी मंजुरी सक्तीची करण्यात आली. आपल्या समाजातील अनेक मुली नर्सिंग करतात, त्यांनी व त्यांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये १९८३ च्या कायद्याच्या जागी आणावयाच्या नव्या विधेयकाचा मसुदा परराष्ट्र मंत्रालयाने लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. परंतु कायदे होत राहतील, तिकीट उद्याचे असते.

प्रत्यक्षात काय घडते ते आता पाहू. जाहिरात येते ती ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’, ‘डेटा एंट्री’, ‘कस्टमर सपोर्ट’ अशा नावांनी. ठिकाण बँकॉक. मुलाखत फोनवर, दहा-पंधरा मिनिटांची, त्यात टायपिंगचा वेग विचारतात. राहणे-जेवणे कंपनीचे. पगार येथल्यापेक्षा दुपटीने-तिपटीने. मुलगा सहलीच्या सवलतीवर बँकॉकला उतरतो. विमानतळावर गाडी घ्यायला येते. गाडी शहरात न जाता वायव्येकडे निघते आणि सुमारे पाचशे किलोमीटरवरील माए सोत या सीमेवरच्या गावी पोहोचते. तेथे मोएई नावाची नदी आहे, तिच्या पलीकडे म्यानमारमधील म्यावाडी. नदी ओलांडली की मुलगा दुसऱ्या देशात गेला, आणि तेही कोणत्याही शिक्क्याशिवाय. थायलंडच्या दृष्टीने तो मुदत संपलेला पर्यटक होतो, म्यानमारच्या दृष्टीने बेकायदा घुसलेला परकी माणूस होतो. पासपोर्ट काढून घेतला जातो. मग भिंतीआड बसून लोकांना फोनवर फसविण्याचे काम करावे लागते. प्रेमाचे नाटक करून पैसे गुंतवायला लावणे, खोटे चलन विकणे, असले ते काम. नाही म्हटले तर मारहाण होते, सोडायचे तर घरच्यांकडे खंडणी मागतात. के. के. पार्क आणि श्वे कोक्को ही तेथील वसाहतींची नावे वर्तमानपत्रांतून आता पुष्कळांना माहीत झाली आहेत.

म्यानमार, म्हणजे आपला ब्रह्मदेश, याच्याविषयी आपल्या मनात वेगळी भावना असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. श्वेडगॉनचे चित्र आपल्या कितीतरी घरांत आहे. थायलंडही बौद्धांचाच देश. एजंट हे ओळखून बोलतात, असे आम्ही दोन ठिकाणी ऐकले : ‘आपल्याच लोकांचा देश आहे, काळजी कसली.’ तीर्थस्थानाविषयीचा आदर तीर्थस्थानापुरता असावा. १ फेब्रुवारी २०२१ रोजी तेथील लष्कराने सत्ता घेतल्यापासून म्यानमारमध्ये यादवी युद्ध पेटले आणि म्यावाडीच्या परिसरात मध्यवर्ती सरकारचा अंमल नावापुरताच राहिला, तेथे सशस्त्र गटांचे चालते. आपला दूतावास यांगूनला, म्हणजे जुन्या रंगूनला आहे. तेथील अधिकाऱ्याने मनात आणले तरी तो गाडी काढून म्यावाडीला जाऊ शकत नाही. धोक्याचा देश याचा खरा अर्थ हा आहे. बॉम्ब सगळीकडे पडत नसतात, पण तुमच्यापर्यंत पोहोचायला तुमच्या सरकारला वाट नसते.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने २४ सप्टेंबर २०२२ रोजीच याबाबत जाहीर इशारा दिला होता. थायलंडमधील नोकरीच्या नावाने संगणकाचे ज्ञान असलेल्या तरुणांना म्यानमारमध्ये नेले जाते आणि दुबई व भारतातील एजंट यात आहेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तरीही ओघ थांबला नाही. जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात कंबोडिया, थायलंड, म्यानमार व व्हिएतनाम येथे पर्यटक म्हणून गेलेल्यांपैकी २९,४६६ भारतीय परतले नव्हते, अशी आकडेवारी सप्टेंबर २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत आली. त्यांत पंजाबच्या खालोखाल महाराष्ट्र होता, ३,२३३. हे सगळेच फसलेले होते असे म्हणता येणार नाही, पण आकडा लहान नाही. यातील किती मुले आपल्या गावाकडची, किती नवी मुंबईची, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी थायलंडने सीमेपलीकडील काही ठिकाणांची वीज, इंधन आणि इंटरनेट तोडले. त्यानंतर सुटका सुरू झाली. १० व ११ मार्च २०२५ रोजी हवाई दलाच्या विमानांनी माए सोत येथून अनुक्रमे २८३ व २६६, मिळून ५४९ भारतीय परत आणले. ऑक्टोबरमध्ये के. के. पार्कवर छापे पडल्यावर शेकडो लोक नदी ओलांडून थायलंडमध्ये पळाले. त्यांतील २७० भारतीयांना ६ नोव्हेंबरला आणि १९७ जणांना १० नोव्हेंबरला आणले गेले. कंबोडियातूनही मार्च २०२४ पर्यंत सुमारे अडीचशे जणांची सुटका झाल्याचे सरकारने सांगितले होते. परतलेल्यांची आपल्या तपास यंत्रणांनी चौकशी केली. कारण यातील कोण फसलेला, कोण समजून गेलेला आणि कोण दुसऱ्यांना ओढणारा, हे कपाळावर लिहिलेले नसते. ज्याच्याजवळ जाहिरात, एजंटचे निरोप, पैसे दिल्याची नोंद असते, त्याला आपली बाजू मांडता येते. ज्याने सर्व रोखीने आणि तोंडी केले, त्याची पंचाईत होते.

आपल्या भागाचा यातील संबंध दूरचा नाही. लाओसमधील ‘गोल्डन ट्रँगल’ नावाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात तरुणांना पाठविणाऱ्या टोळीविरुद्ध मुंबई पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तो ठाण्याच्या एका तरुणाच्या तक्रारीवरून झाला होता. मे २०२४ मध्ये तो राष्ट्रीय तपास संस्थेने हाती घेतला. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून साठाहून अधिक भारतीयांची सुटका झाल्याचे आणि पाच एजंटांना अटक केल्याचे जाहीर केले. या विभागाचे मुख्यालय आपल्या महापे येथेच आहे. घणसोली स्टेशनवरून रिक्षाने जाता येते, एवढ्या जवळ. तक्रार कुठे करावी हे माहीत नव्हते, असे म्हणायला नवी मुंबईकरांना तरी जागा नाही.

आमच्या बँकेच्या काउंटरवर येणारा अनुभव येथे सांगावासा वाटतो. मुलाच्या परदेशी नोकरीसाठी मुदत ठेव मोडायला किंवा सोनेतारण कर्ज काढायला पालक येतात. एक गृहस्थ, टीटीसी पट्ट्यातील कारखान्यातून निवृत्त झालेले, दीड लाखाची ठेव मोडायला आले होते. आम्ही सहज विचारले, “काका, मुलाला व्हिसा कसला मिळाला?” ते म्हणाले, “साहेब, बँकॉकला व्हिसा लागतच नाही.” करारनामा? तो मुलाच्या मोबाईलवर होता, एका पानाचा, खाली सही नाही. एजंटचे लायसन? ते विचारायचे असते हेच त्यांना ठाऊक नव्हते. आम्ही एवढेच सुचविले की पैसे रोख देऊ नका, एजंटच्या फर्मच्या नावाने चेक द्या आणि पावती घ्या. त्यांनी तेथूनच फोन लावला. चेक म्हटल्याबरोबर एजंट म्हणाला, थोड्या वेळाने बोलतो. त्यानंतर त्याने काकांचा फोन उचलला नाही. ठेव तशीच राहिली. मुलगा काही दिवस बापावर रुसला होता, असे नंतर कळले.

यावरून तपासणीची एक सोपी रीत निघते. एजंटला लायसन लागतेच, उमेदवाराचा पासपोर्ट ईसीआर असो की ईसीएनआर. लायसन क्रमांक मागावा आणि तो ई-मायग्रेटच्या यादीत स्वतः पाहावा. एजंटने दाखविलेल्या फोटोवर विसंबू नये, कारण दुसऱ्याच्या लायसनचा फोटो कुणीही दाखवू शकतो. ‘मी त्यांचा सब-एजंट आहे’ म्हणणाऱ्याला कायद्यात स्थान नाही. सेवाशुल्क म्हणून नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये व त्यावरील कर यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि जे घेतले त्याची पावती द्यावी लागते. दीड लाख, दोन लाख मागणारा माणूस तेथेच उघडा पडतो. करारात कंपनीचे नाव आणि काम करण्याचे ठिकाण गावासह लिहिलेले हवे. नुसते ‘थायलंड’ चालणार नाही. नोकरीचा व्हिसा हाती येईपर्यंत विमानात बसू नये. आधी सहलीवर जा, मग बदलून घेऊ, हे ऐकले की विषय संपवावा.

आणखी एक गोष्ट, जी बँकवाल्याशिवाय कुणी सांगत नाही. जाण्यापूर्वी काही एजंट मुलाच्या नावाने नवे बचत खाते उघडून घेतात आणि एटीएम कार्ड, चेकबुक व त्या खात्याशी जोडलेले सिमकार्ड ‘पगारासाठी’ म्हणून ताब्यात घेतात. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो. मुलगा परत येण्याआधी पोलीस घरी येतात, कारण केवायसी त्याची असते. आपले खाते व सिम कुणालाही देऊ नये. दिले गेले असेल तर शाखेत लेखी अर्ज देऊन खाते थांबवावे आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवावे.

विमानतळावरील अधिकारी कधी कधी तरुणांना फार प्रश्न विचारतात, क्वचित विमानातून उतरवतातही. ‘फिरायला चाललो’ म्हणणाऱ्या मुलाजवळ हॉटेलचे बुकिंग नाही, पैसे नाहीत, परतीचे तिकीट नाही, असे दिसले की त्यांना संशय येतो. एजंट उत्तरे पाठ करून घेतो. तुमच्याकडून सरकारी अधिकाऱ्यापुढे खोटे बोलवून घेणारा माणूस पुढे तुमच्याशी खरे बोलेल, हे समजून घेणे आमच्या कुवतीबाहेरचे आहे. आता तर नवी मुंबईचा विमानतळही २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे, तेव्हा हे प्रश्न विचारणारे टेबल हळूहळू आपल्या आणखी जवळ येणार.

काही देशांत जाण्यास तर आपलेच सरकार मनाई करते. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात तशी तरतूद आहे. २०१७ साली येमेनच्या बाबतीत ती वापरली गेली. तेथे फाशीची शिक्षा झालेल्या केरळच्या नर्सच्या आईलाही मुलीला भेटायला जाण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तिला वाट करून दिली. अशा देशांत ‘दुसऱ्या देशातून आत सोडतो’ असे सांगणारे एजंटही आहेत. त्यांच्याबरोबर गेल्यास परतल्यावर पासपोर्ट जप्त होऊ शकतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहिल्याशिवाय अशांत देशाचे तिकीट काढू नये. शिवाय खासगी प्रवासविम्याच्या अटी वाचाव्यात, कारण युद्ध व यादवी यांमुळे झालेले नुकसान बहुतेक विमे वगळतात. बोटीवरच्या नोकरीचे लायसन आणि नियम वेगळे असल्याने तो विषय येथे घेतलेला नाही.

योग्य व्हिसावर, योग्य कराराने जाणाऱ्यांनीही पोहोचल्याबरोबर भारतीय दूतावासात आपले नाव, पत्ता व घरचा दूरध्वनी नोंदवावा. २०१५ साली येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’मध्ये चार हजार सहाशेहून अधिक भारतीय बाहेर काढले गेले. अशा वेळी दूतावासाच्या हाती जी यादी असते, तिच्यावरच निरोप जातात. तेथे अडचण आली तर ‘मदद’ या सरकारी संगणक प्रणालीवर तक्रार करता येते. घरच्यांनाही ती करता येते. परदेशी भारतीयांसाठीच्या साहाय्य केंद्राचा भारतातून लावावयाचा निःशुल्क क्रमांक १८०० ११ ३०९० असा आहे. अडकलेल्या मुलाचा फोन आला तर एजंटशी घासाघीस करीत बसू नये आणि खंडणी भरण्याची घाई करू नये. पोलीस ठाण्यात मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवावा. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचे कलम ३७० होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ आहे. ठाणे अंमलदार ‘तो स्वतःच गेला ना’ म्हणू लागला तर हे कलम सांगावे.

निघण्यापूर्वी घरी एक फाइल करून ठेवावी. तीत पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स, करारनामा, विम्याची पावती, तिकीट, एजंटचे नाव, पत्ता व लायसन क्रमांक, त्याला दिलेल्या पैशांच्या पावत्या आणि एक अलीकडचा फोटो असावा. जाहिरात मोबाईलवर आली असेल तर तिचाही छापील उतारा काढून ठेवावा. पासपोर्ट हिरावून घेतला गेला तर दूतावास परत येण्यापुरते ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतो. ते देण्याआधी हा माणूस भारतीयच आहे याची खात्री दूतावासाला करावी लागते. जुन्या पासपोर्टचा क्रमांक घरच्यांनी चटकन कळविला तर ती लवकर होते, आणि क्रमांक कुणालाच ठाऊक नसेल तर गावाच्या पोलीस ठाण्यापर्यंत कागद जाऊन परत येईतो मुलगा तेथेच ताटकळतो. फाइल आईजवळ द्यावी.